पंखा बंद करून

खोक्यातून निघाल्या
लाकडाच्या पातळ नऊ फळ्या,
तारेचं वेटोळं, कापसाची पुडी,
मुंगीला पेलवतील अशा खुर्च्यांचे पाय
आणि एक चोपडं. चित्रंच चित्रं,
अक्षरं सगळी चिनी.

दिवाळीच्या शिलाईतले नऊशे रुपये,
कुणाला न विचारता.

मी धरणगावात बावीस वर्षं ब्लाउज शिवते.
कटोरी, प्रिन्सेस, पाठीला दोरी.
सुताचा फरक पडला तर
बाई दुसऱ्या दिवशी दारात.
तरी हे वीतभर घर
चार दिवस माझ्यासमोर आडवंच पडून होतं.
कापड उसवता येतं.
लाकूड उसवायला गेलं की
भिंतीची साल निघते.
एक खिडकी अशीच लागली उलटी,
जमिनीला टेकून.
राहू दे म्हटलं, मांजराला होईल.

एप्रिल संपत आलेला, पारा पंचेचाळीस.
पंखा लावला की जिन्याच्या पायऱ्या
पलंगाखाली जाऊन बसतात.
बंद केला की घामाचा थेंब
नेमका गुलाबी वॉलपेपरवर.
आणि गोंद?
फळीला लावून फळी उचलेस्तोवर
वाळून कडक.
मग रात्री अकरानंतर बसायला लागले,
शिलाई मशीनवर पाट टाकून,
भुवया कोरायचा चिमटा घेऊन.

शेजारची इंदुबाई डोकावली,
"काय करी ऱ्हायनी व माय?
आठे ऱ्हाई कोन?"
मला तरी कुठे माहीत होतं.

दिवाणखान्यात शेकोटी होती!
विटांची, आत लाल कागदाचा जाळ.
मी एकटीच हसत सुटले,
हर्षाली झोपेतून उठून बसली.
जाळ काढून टाकला,
गेल्या उन्हाळ्यातल्या कूलरच्या जाळीतला
चिमूटभर वाळा आत कोंबला
आणि शेकोटी खिडकीत टांगली.
पाण्याचा थेंब सोडला वरून.
वास आला, खोटं नाही सांगत.

पडद्यांना वकीलीणबाईंच्या खणाची चिंधी.
गादीला अस्तर.
स्वयंपाकघरात त्यांची भट्टी होती, ती ठेवली,
पण शेजारी तीन मोहऱ्यांची चूल मांडली
आणि तिच्यावर एक प्रेस-बटन उपडं घातलं.
हर्षाली म्हणाली, हे काय?
म्हटलं, खापर. अक्षय तृतीया आली ना,
मांडे कशावर करतील?

अडलं ते छपरापाशी.
चोपड्यात दोन्ही बाजूंनी उतरतं होतं,
बर्फ घसरावा म्हणून.
आमच्याकडे बर्फ पडतो तो
रसवंतीच्या ग्लासात.
दोनदा चढवलं ते छप्पर, दोनदा उतरवलं.
असल्या घरात मे महिन्यात झोपायचं कुठे?
शेवटी माचिसच्या खोक्यांचा पुठ्ठा घेतला,
वर चहाच्या गाळाचा हात फिरवला, गोंदात कालवून.
झालं धाबं, सपाट.
पलंग खालून काढला आणि वर नेऊन ठेवला.
उशाशी तांब्या, टाचणीच्या डोक्याचा.
ते उतरतं छप्पर खोक्यात परत गेलं,
अजून तिथंच आहे.

त्या रात्री लाईट गेली.
गल्लीभर अंधार, मुलांचा ओरडा.
मी दोन बारके सेल बसवले
आणि तारेला तार लावली.
पहिल्यांदा काहीच नाही.
मग जिन्यातला दिवा लागला,
मग कूलरच्या वरचा.
तिसरा लागलाच नाही.

भिकन चटई कंपनीची दुसरी पाळी करून आलेले,
शर्टाला प्लास्टिकचा जळका वास.
महिनाभर ज्यांनी ह्या पसाऱ्याकडे
पाय न लागेल इतपतच पाहिलं,
ते उकिडवे बसले.
एक डोळा मिटून खिडकीतून आत बघत राहिले,
मग जमिनीलगतच्या खिडकीतून.
मी वाट बघत होते.

"आन् न्हानी कोठे शे व?"

खरंच नव्हती.
अख्ख्या चोपड्यात नव्हती.

दुसऱ्या रात्री त्यांनी खिशातून काढून
पाटावर ठेवला चटईचा तुकडा,
निळा-पांढरा, दोन बोटं रुंद, कडा भाजून बंद केलेल्या.
धाब्यावर बरोबर बसला.
मापाचं मी काही सांगितलं नव्हतं.

न्हाणीचं काम चालू आहे.
ब्लेडच्या डबीची होतेय,
उतार तेवढा जमत नाही.