चार पायांचं बदक

मिडलबर्गच्या बाउडवाइनने जहाजाबरोबर कागद धाडला:
ढालीवर तीन हेरिंग, वर बुरूज, भोवती दोरखंडाचा वेढा.
एकशे चव्वेचाळीस खोलगट ताटल्या, निळ्या रंगात.
‘हुबेहूब’ या शब्दाखाली दोन रेघा.

कागद रात्रभर मेजावर वाळत पडला होता.
लीवेन सहा वर्षांचा. बापाच्याच लेखणीने
त्याने कोपऱ्यात एक बदक काढलं.
पाय चार,
कारण दोनांवर ते पडेल असं त्याला वाटलं.
कुणी पाहिलं नाही. लाखेचा शिक्का बसला.

कँटनमध्ये आउ नावाच्या चिताऱ्याने कागद उजेडात धरला.
हेरिंग त्याने कधी खाल्ली नव्हती, असला बुरूजही पाहिला नव्हता.
बदकं मात्र घरामागच्या ओढ्यात रोज हाकलायचा.
दोन पाय जास्त आहेत, तो म्हणाला.
मुकादम म्हणाला, परक्यांची दैवतं. तू मोजू नकोस.
ताटलीला कोपरा नसतो,
म्हणून आउने ते ढालीखाली सोडलं, अगदी तळाशी.
मासे उभे राहिले शाळेत उभे केल्यासारखे.
बदक तेवढं चालत होतं.

एकोणीस महिन्यांनी पेट्या उघडल्या.
भाताचं तूस, चहाचा वास.
लीवेनला गोवराने नेलं होतं त्याच्या आदल्या हिवाळ्यात.
बाउडवाइनने पहिली ताटली उचलली, मग दुसरी, मग बारावी.
प्रत्येकीवर.
तो दलालाच्या नावाने गरजला, भरपाईचं पत्र लिहायला बसला,
‘आमच्या कुलचिन्हाखाली आपल्या चिताऱ्याने’
इथवर आला
आणि दौत उघडीच राहिली, शाई सुकेपर्यंत.

याकोमीनाने ताटल्या मोजल्या. तीन फुटल्या होत्या.
नवरा म्हणाला, या काचेच्या कपाटात लावू,
दिवाणखान्यात, सगळे लावतात तशा.
ती म्हणाली, नाही. रोज जेवायचं.
मग वाटाण्याचं सूप, शुक्रवारी मासा,
आणि सूप सरत आलं की
तळातून आधी पाय दिसत. चार.

या मार्चमध्ये ॲमस्टरडॅमच्या लिलावात एकच ताटली आली.
ब्रसेल्सच्या एका डॉक्टरने ती फोनवरून घेतली,
किंमत ऐकून मागच्या रांगेत कुणी शीळ घातली.
यादीत नोंद होती:
काठाला केसभर चीर.
चतुष्पाद प्राणी, ओळख पटलेली नाही, बहुधा पौराणिक.
ढालीवर आणि माशांवर सुरीचे पुष्कळ ओरखडे.
प्राण्यावर एकही नाही.