आवर

हडर्सफील्डच्या लायब्ररीत, गुरुवारी,
मिसेस होल्डन फळ्यावर लिहितात: मॉडरेशन.
मग डब्यातलं बिस्किट मोडून
अर्धं परत ठेवतात.
हिबाक हसते. मी वहीत उतरवून घेते.

रिस्ट्रेंट. सेल्फ-कंट्रोल.
आमच्या घरी सगळ्याला एकच शब्द,
आई दिवसभर वापरायची:
पसारा आवर. लवकर आवर.
आणि बाबा गेले त्या रात्री, ओट्याशी उभी राहून,
माझ्याकडे न बघता:
आवर आता.

बॅलन्स येतो मला, म्हणाले.
गॅसच्या मीटरवर रोज बघते.
आज दोन पौंड चाळीस.

परतताना उतारावर बर्फ.
हात पसरून, पाय तिरके टाकत
उतरते हळूहळू,
तोंडात
त्यांनी परत ठेवलेलं ते अर्धं बिस्किट.