एकोणीस पावलं

"समुद्राकडचा दरवाजा आणि कालव्याकडचा,
दोन्ही एकाच वेळी उघडे : कधीच नाही."
एवढंच हिल्त्येनं यंत्राला लिहून दिलं
आणि ती जेवायला गेली.

यंत्र चालत राहिलं.
चाळीस लाख अवस्था,
प्रत्येकीत एक जहाज, एक भरती, एक लाल दिवा,
पाणी कुठेच नाही.

परतली तेव्हा पडद्यावर एकोणीस ओळी.
भरती. धुकं. सेन्सर गप्प.
कुणीतरी बटण दोनदा दाबतं.
एकोणिसावी : दोन्ही उघडे.
न घडलेल्या अपघाताचा
इतका नेमका पंचनामा.

हार्लिंगेनला जाऊन तिनं तो कागद
दरवाजे सांभाळणाऱ्या वीब्रेनपुढे ठेवला.
त्यानं चष्मा कपाळावर सारला,
ओळींवरून बोट फिरवलं,
तेराव्यावर थांबला.
"इथं मी धुक्यात
मनात वीसपर्यंत मोजतो. मगच दाबतो.
का, ते माझ्या आधीच्यानं सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नाही."

मार्चमध्ये तो निवृत्त होणार.

रात्री हिल्त्येनं तेराव्या ओळीखाली
एक अट घातली : थांब.
किती, ते लिहिताना
तिचे ओठ हलत होते.