पाचव्या-सहाव्याच्या मधे

चाळीस मीटर उंचावर, काचेच्या जमिनीवर पाय ठेवून
बावीस वर्षं मी खालीच पाहत आले.
ब्रेमरहाफेनचा धक्का, धुक्यातली वेझर नदी,
आणि माझ्या दोन बुटांच्या मधोमध लोंबणारा
कुणाच्या तरी केळ्यांचा, कुणाच्या तरी फ्रिजांचा डबा.
मान मोडून काम करणं म्हणजे काय
ते मला कुणी समजावायला नको.
वीस वर्षं भरली तेव्हा कंपनीनं मान दिला,
एक घड्याळ आणि पिवळी फुलं.
घेतली कोणती मान, ते पावतीवर नव्हतं.

आता उजवा अंगठा माझा नाही.
तर्जनीही अर्धीच.
जॉयस्टिकवर हात आहे ना, हे डोळ्यांनी पाहून खात्री करते.
आणि पहाटे तीनला खांद्यापासून मनगटापर्यंत
कोणीतरी तापलेली तार ओढत नेतं,
सावकाश. त्याला कसली घाई?

डॉक्टर ल्युर्सेननी पडद्यावर चित्र लावलं.
हा पाचवा मणका, हा सहावा. मधली गादी बघा.
बघितली.
चहात विसरलेल्या बिस्किटासारखी
फुगून नसेवर रेललेली.

एक तर दोन्ही जोडून टाकायचे, प्लेट आणि स्क्रू.
नाहीतर मधे हे,
म्हणत त्यांनी माझ्या डाव्या तळहातावर ठेवलं
कोटाच्या बटणाएवढं काहीतरी.
वर धातू, खाली धातू, पोटात पांढरं प्लास्टिक.
बोटानं ढकललं की डुलायचं,
काहीही विचारा, हो म्हणणाऱ्या माणसासारखं.

किती वर्षं टिकेल?
“छातीठोक सांगणार नाही,” ते म्हणाले.
त्या एका वाक्यासाठी मी त्यांच्यावर निम्मा विश्वास टाकला.

शिरायचं पुढून, गळ्यातून,
श्वासनलिका जराशी बाजूला सारून.
आवाज काही दिवस बसेल.
क्वचित, फार क्वचित, बसलेलाच राहतो.
क्रेनवर मी बोलते तरी किती?
पण आई, तोम्मा, हल्ली माझा चेहरा ओळखत नाही.
रविवारी तिच्या कपात खडीसाखर टाकते,
वरून कढत चहा, खडा तडकतो,
मी म्हणते, “आई, मी आलेय,”
तेव्हा कुठे ती वर बघते.

हाउकेचे मणके जोडले, चार वर्षं झाली.
हाक मारली की तो अख्खा वळतो, कपाटासारखा.
“झोप लागते, फ्राउके. बाकी गेलं खड्ड्यात.”
पण आता त्याचा वरचा मणका कुरकुरतोय.
एकानं काम सोडलं की शेजाऱ्याच्या पाठी लागतं,
गोदीत हे नवं नाही.

डब्यावर डबा चढतो तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यात
लोखंडी कुलूप फिरवतात. त्या कुलपातही
जराशी मोकळीक ठेवलेली असते.
का, म्हणून विचारलं होतं एनोला, मी नवी असताना.
समुद्र हलतो, पोरी, तो म्हणाला,
हलता येत नाही ते तुटतं.
अर्थात एनो बरंच काय काय म्हणायचा.
त्याच्या थर्मासात कॉफी कमी, रम जास्त.

तीन आठवडे झाले, फॉर्म फ्रिजवर लावलाय.
येताजाता वाचते.
धोक्यांची यादी दुधाच्या यादीशेजारी.

आज दवाखान्याला फोन लावला.
नुसतं विचारायला, असं स्वतःला सांगून.
थांबा, म्हणाले, आणि वाद्यसंगीत सुरू.
बटाटे सोलायचे होते,
म्हणून सवयीनं फोन कान आणि खांद्याच्या मधे दाबला,
आणि ती तार अंगठ्यापर्यंत अशी उतरली
की सुरी सिंकमध्ये पडली.

“हॅलो? आहात ना तुम्ही?”

आहे, म्हटलं.
फोन डाव्या हातात घेतला.
आडनाव सांगितलं, एकेक अक्षर फोडून,
स्वच्छ, जरा मोठ्यानंच,
माझा आवाज मलाच ऐकू येईल असं.