अठरा सेंटिमीटर

आमच्या लिफ्टला नाणं लागतं.
वर जायचं तर वीस तेत्री, खाली यायला फुकट.
तरी नवव्या मजल्यावरची लामारा
चार वर्षं खाली आली नव्हती.

खाली होतं तरी काय.
तिबिलिसीच्या या टोकाला, ग्लदानीत,
दोन इमारतींच्या मधे पत्र्याची अकरा गॅरेजं,
त्यांत गाड्या तीन. बाकीच्यांत
लोणच्याच्या बरण्या, मोडका पियानो,
कुणाचं तरी लग्नातलं झुंबर,
आणि झाऊरच्या गॅरेजात झाऊर.
दिवसभर बसायचा तिथे, रेडिओ लावून.
बायको गेल्यापासून घर त्याला मोठं पडायचं.

बागेची गोष्ट काढली नझिब्रोलाने.
भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई,
नकाशा काढल्याशिवाय बोलत नाही.
दारोदार फिरून तिने सह्या घेतल्या.
झाऊरने सही केली नाही.
गॅरेज मात्र दिलं.
किल्ली तिच्या पायपुसण्यावर ठेवून गेला
आणि हिवाळाभर कुणाशी बोलला नाही.

पत्रे निघाले तेव्हा कळलं, खाली माती होती.
तेलाने काळी, चिवट, पण माती.
हातभर खोल उपसली, नवी आणून भरली.
बद्रीने कमरेइतके उंच वाफे बांधले,
खुर्चीतल्या माणसाचे गुडघे खाली मावतील असे.
आंधळ्या गुरामसाठी वाटेच्या कडेने दोर,
वळणावळणाला दोराला गाठ
आणि गाठीपाशी एक वास:
इथे पुदिना, इथे तुळस, इथे झेंडू
(झेंडू आमच्याकडे वाळवून, कुटून रश्श्यात जातो).
बाकांना पाठ, बाकांना हात.
म्हातारं माणूस बसतं तेव्हा नाही,
उठतं तेव्हा हात लागतो,
हे नझिब्रोलाने सभेत तीनदा सांगितलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी
लिफ्ट उघडली, आणि लामारा.
ओठांना लाली. मांडीवर बियांची पुडी.
चाकं इमारतीच्या दारापर्यंत आली
आणि थांबली.

पायरी.
आम्ही रोज ओलांडलेली,
इतकी रोज, की दिसेनाशी झालेली.
एकच. अठरा सेंटिमीटर.
नझिब्रोलाच्या नकाशात बाग
दाराच्या बाहेर सुरू होत होती.
दार कुणी काढलंच नव्हतं.

चौघे धावले. ‘उचलतो ना, मावशी.’
लामाराने हात वर केला.
‘मला उचलू नका. पायरी उचला.’
खुर्ची वळवली, नाणं टाकलं, वर गेली.

त्या रात्री कुणी टीव्ही लावला नाही म्हणावं, तर लावला.
मीही लावला. काय बघितलं, विचारू नका.

पहाटे घणाचा आवाज आला.
शिवी तोंडात धरून खिडकी उघडली.
खाली झाऊर, बनियनवर, एकटा.
कुणाला हाक मारत नव्हता.
मी उतरलो. बद्री उतरला, खांद्यावर सिमेंटची गोणी.
नझिब्रोला आली ती टेप घेऊनच:
‘उंचीच्या बारा पट लांबी, झाऊर.
दोन मीटर सोळा. कमी केलंस
तर तो उतार नव्हे, घसरगुंडी.’
‘मोज,’ तो म्हणाला.
हिवाळ्यानंतरचा त्याचा पहिला शब्द.

आठवडाभर आम्ही फळीवरून उड्या मारत कामाला गेलो.
मग लामारा आली,
उतारावरून, स्वतःच्या हातांनी.
टाळ्या वाजवायच्या नाहीत असं ठरलं होतं,
गुरामने तेवढी एक वाजवली.

तिने वाफ्याखाली गुडघे सारले.
‘कोथिंबीर कुणी पेरली ही? इतकी दाट?’
आणि उपटायला लागली, मूठ मूठ,
मागे न बघता कुणाच्या तरी हातात देत.
हात झाऊरचे होते.
ओंजळ भरली, ठेवायला जागा दिसेना,
म्हणून तो बसला.