एकशे बारा

एकशे बाराला माझा हात आखडतो.
मेट्रोनोम टकटक करत पुढे निघून जातो,
मागे वळूनही न बघता.

एन्सिओ म्हणतात, "साठवर ये."
"साठवर तर मी झोपेतही वाजवते."
"मग झोपेतच वाजव, मनगट सैल सोडून.
तार ओलांडून प्लेक्ट्रम एवढं लांब जातं कुठे?
तसूभर नको. तीळभर. खाली, वर. पुरे."

ओउलूत जानेवारी. पहाटे तीनला बेकरी,
काळ्या पावाचं पीठ मळून मळून
हाताला सवय जोर लावायची.
तोच जोर नडतो.

शनिवारी गिटार घ्यायला गेलो.
मला हवी होती ती लाल, आरशासारखी.
एन्सिओंनी अ‍ॅम्पची वायर खिशात घातली:
"आधी मुकीच वाजव.
मुकी असून पोटाशी थरथरते, ती घ्यायची."

लाल गप्प.
मानेवरून तळवा फिरवला
तर फ्रेटची टोकं मांजरीसारखी ओरबाडली.

कोपऱ्यात एक तपकिरी, रंगाचे पोपडे उडालेली.
डोळ्याशी धरून मान पाहिली:
किंचित बाक, हवा तेवढाच.
छेडली, आणि बरगड्यांत उतरली.
लालपेक्षा चाळीस युरो महाग निघाली, मेली.

आज अठ्ठ्याहत्तर.
कालही अठ्ठ्याहत्तरच.

हरवलेलं प्लेक्ट्रम मिळालं मात्र.
हाउतालाबाईंनी धुऊन पाकिटात पाठवलं,
सोबत चिठ्ठी:
"दात शाबूत आहेत. पाव चांगला होता."