इतर हक्क

सेलूच्या दुय्यम निबंधकाच्या दारात
लिंबाच्या बुंध्याला टेकून माझं टेबल.
दस्तलेखक, परवाना क्रमांक एकोणचाळीस.
बावीस वर्षं मी लोकांच्या रानाला दिशा देते:
पूर्वेस गाडीवाट, पश्चिमेस ओढा,
दक्षिणेस लिहून देणाराच्या भावाची जमीन,
उत्तरेस भांडण.
(भांडण लिहिता येत नाही.
तिथं गट नंबर टाकायचा.)

नव्या माणसाला आधी एवढंच सांगते,
सातबारा म्हणजे मालकी नव्हे, बाबा,
ती सरकारची साऱ्याची वही.
नाव लागलं म्हणून रान येत नाही,
नाव गेलं म्हणून जातंही नाही.
कागद एकाकडे, कब्जा दुसऱ्याकडे,
आणि बांधावरची बोर तिसऱ्याच्याच पोरांकडे.
त्या बोरीचं कलम
मला अजून कुठल्या कायद्यात सापडलं नाही.

चैतात भागवत आला.
गट दोनशे सोळा, पावणेतीन एकर,
मानवतच्या पार्टीशी प्लॉटिंगचा सौदा.
पार्टीच्या वकिलानं तीस वर्षांचा शोध घेतला:
बोजा नाही, गहाण नाही, कूळ नाही.
फक्त इतर हक्कात एक ओळ,
विहिरीत चार आणे हिस्सा, प्रयागबाई.

विहीर कुठंय? विचारलं.
भागवत म्हणाला, कवाच बुजिली की.
वरून ट्रॅक्टर जातो.

जुना कागद उर्दूतला.
दस्तगीर मास्तरांनी तो उन्हात धरला,
भिंग पुसलं, परत पुसलं, मग वाचलं:
सन तेराशे पन्नास फसली,
मुसम्मात गोदा, बावलीत चहारुम हिस्सा,
बारी, सेशंबा.
सेशंबा म्हणजे मंगळवार, मास्तर म्हणाले,
आणि चहा मागवा म्हणाले.

गोदा म्हणजे प्रयागबाईची आई.
आईमागं लेकीला काय आलं?
दर आठवड्याला
एका दिवसाचं पाणी.

हक्कसोडपत्र मी नेहमीसारखंच केलं.
साक्षीदार दोन, मुद्रांक, फोटो,
आणि आमच्या धंद्यातलं ते जुनं घोकलेलं,
जे लिहिताना बोटं आपोआप चालतात:
अक्कलहुशारीने, राजीखुशीने,
कोणाच्याही दडपणाशिवाय,
जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण,
निधी, निक्षेपासह...

म्हातारीनं पहिल्याच शब्दाला हात वर केला.
जल म्हंजी पाणीच ना, बाई?
पाणीच.
मंग ते ऱ्हाऊ दे.

अंगठ्याला शाई लागलेली होती.
ती तिनं पदराला पुसली, सावकाश,
एक एक रेघ कोरडी होईपर्यंत.

आत्या, इहीर बुजिली! भागवत ओरडला.
बुजू दे, म्हणाली.
मपला मंगळवार बुजला का?

नसलेल्या विहिरीचा पाव म्हणजे किती,
यावर दोन दिवस वकील हसत होते.
तिसऱ्या दिवशी मात्र हसले नाहीत.
सही नाही तर नोंद राहणार,
नोंद राहिली तर बँक कर्ज देणार नाही,
आणि कर्जाशिवाय सेलूत प्लॉट कोण घेतो?
पार्टीनं पैसे वाढवले. तिनं मोजून परत केले,
चहाचे दहा रुपये वेगळे काढून.

शेवटी नकाशात एक गोल ठेवावा लागला.
भोवती चुन्याच्या रेघा, प्लॉट एक ते चव्वेचाळीस,
मधे काहीच नाही.
खरेदीखतात त्या गोलाची चतुःसीमा मीच लिहिली:
पूर्वेस रस्ता, पश्चिमेस रस्ता,
दक्षिणेस, उत्तरेस रस्ता.
असा दस्त मी आधी कधी लिहिला नव्हता.

आता ती मंगळवारी येते.
बाजार नसला तरी येते.
नाव हाय का बघ, म्हणते.
मी नवा उतारा काढते,
पंधरा रुपये, छापील, सहीशिक्क्याचा.
तिला वाचता येत नाही.
मी ओळ दाखवते, ती बोट ठेवते,
आणि थोडा वेळ ते तिथंच राहतं.

मागं रांग असते.
मी कुणाला घाई करत नाही.
पाळी तिची आहे.